शॅम्पेन की कावा? झाकून, शेजारी शेजारी ठेवून बघा

भाच्याने बार्सिलोनाहून पहिल्यांदा बाटली आणली आणि "मामी, ही कावा" म्हणत टेबलावर ठेवली, तेव्हा झोपाळ्यावरून आबा म्हणाले, "गनिमी का?" त्या दिवसापासून आमच्या घरात तिला गनिमीच म्हणतात. कावा ही शॅम्पेनसारखीच बुडबुड्यांची, पण स्पेनची वाइन. नावात खरं तर कसलाच डाव नाही. बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेत कावा म्हणजे तळघर, बाटल्या निजवून ठेवायची जागा.

त्याच रविवारी मी कपाटात जपून ठेवलेली शॅम्पेन काढली, दोन्ही बाटल्या उघडल्या, सहा जणांना चाखायला दिल्या आणि निकाल लागला: शॅम्पेन ती शॅम्पेन. जिभा कुणाच्या चुकल्या नव्हत्या. परीक्षाच चुकीची घेतली होती. नाशिकजवळच्या एका वाइनरीच्या तळघरात मी अकरा वर्षं काढली आहेत आणि तरी ती चूक केली, याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर चार-पाचदा हीच तुलना नीट केली. तशी तुम्हालाही घरी करता येते. दोन बाटल्या, सहा माणसं आणि एक मोकळी संध्याकाळ एवढं पुरतं.

चूक काय होती? आमची कावा नऊ महिने मुरलेली होती आणि शॅम्पेन निदान तीन वर्षं. म्हणजे आठ दिवसांचं लोणचं आणि वर्षभर मुरलेलं लोणचं शेजारी वाढायचं आणि त्यावरून कुठल्या गावची कैरी चांगली ते ठरवायचं, असला प्रकार. आधी मुरणं सारखं करा, मग साखर सारखी करा. त्यानंतर जो फरक उरेल तो त्या-त्या गावचा. बाकी सगळी खटपट या एका गोष्टीसाठी आहे.

मुरणं म्हणजे काय ते थोडक्यात. दोन्ही वाइन एकाच पद्धतीने होतात. आधी साधी, बुडबुडे नसलेली आंबटसर वाइन करायची. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालायचं आणि बूच लावायचं. बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबवण होते, वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. साखर संपली की यीस्ट मरतं आणि त्याचा साका तळाशी बसतो. कामावर आम्ही त्याला लीजच म्हणायचो. बाटली या लीजवर जितकी जास्त पडून राहील तितका पावाचा, भाजल्याचा वास वाइनमध्ये उतरतो. शेवटी बाटली हळूहळू उलटी करत साका मानेशी आणायचा, मान गोठवायची, बूच उघडलं की गोठलेला साका दाबाने बाहेर उडतो. मग थोडी गोडी घालून कायमचं बूच. बाटल्या फिरवून साका मानेशी आणायची युक्ती शॅम्पेनमधल्या वव्ह क्लिको या विधवा बाईंच्या तळघरात १८१६ च्या सुमारास निघाली. बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागात, कोदोर्निऊ घराण्यातल्या जोसेप रावेंतोस यांनी १८७२ मध्ये याच पद्धतीने वाइन केली. मी कामाला होते तेव्हा पहिली दोन वर्षं लाकडी घोड्यांवरच्या बाटल्या हाताने फिरवल्या. मग ५०४ बाटल्यांचा पिंजरा एका दमात फिरवणारं यंत्र आलं आणि माझी मनगटं वाचली.

आता खरेदी. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

शॅम्पेनच्या बाटलीवर तोडणीचं साल नसेल तर ती कायद्याने किमान १५ महिने तळघरात असते, त्यातले १२ महिने लीजवर. नावाजलेली घराणी मात्र दोन-तीन वर्षं ठेवतात. साल छापलेलं असेल तर किमान तीन वर्षं. कावाच्या बाटलीवर नुसतं "कावा" किंवा "दे ग्वार्दा" असेल तर किमान ९ महिने, "रेसेर्वा" असेल तर १८, "ग्रान रेसेर्वा" असेल तर ३०. म्हणजे साध्या, बिनसालाच्या शॅम्पेनसमोर उभी करायची ती रेसेर्वा किंवा, मिळाली तर, ग्रान रेसेर्वा. नऊ महिन्यांची कावा उन्हाळ्यात गच्चीवर प्यायला झकास असते, पण तिला या आखाड्यात उतरवू नका.

मग साखर. दोन्हीकडे शब्द तेच आहेत, त्यामुळे सोपं जातं. ब्रूट नेचर म्हणजे लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, ब्रूट १२ पर्यंत. "एक्स्ट्रा ड्राय" या शब्दांनी फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७. आपल्या अंदाजासाठी सांगते: कपभर चहात आपण दोन चमचे साखर घालतो, ते लिटरला ६० ग्रॅमच्या पुढे जातं. तरीही या खालच्या आकड्यांतला फरक जीभ बरोबर पकडते, कारण आंबटपणा जास्त असतो. विश्वास बसत नसेल तर दोन ग्लास लिंबूपाणी करा, एकात १०० मिलिलिटरला पाव चमचा साखर घाला, दुसऱ्यात काही नको. तेवढ्या फरकावर लोक "ही जास्त चांगली" म्हणून मोकळे होतात आणि त्यांना वाटतं आपण फ्रान्स आणि स्पेन यांच्यात निवड केली. ग्रान रेसेर्वा पुष्कळदा ब्रूट नेचर असते. तशी हातात आली तर समोर एक्स्ट्रा ब्रूट शॅम्पेन शोधा. ते जमलं नाही तर दोन्ही ब्रूट घ्या आणि मागच्या लेबलवर ग्रॅम छापले आहेत का बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. शॅम्पेन एका ठिकाणाचं नाव आहे, पॅरिसच्या पूर्वेला, रीम्स आणि एपर्ने या गावांभोवतीचा प्रदेश. कावा मात्र एका जागेची नाही. बहुतेक कातालोनियातली असते, पण वालेंसियाकडे रेकेनाला, थेट पश्चिमेला आल्मेंद्रालेखोलाही कावा होते. गावाची चव शोधायची आहे तर लेबलवर "कोम्तात्स दे बार्सेलोना" असा विभाग दिसतो का पाहा, म्हणजे ती कातालोनियातलीच. आणि "कोर्पिन्नात" असं लिहिलेली बाटली दिसली तर बिचकू नका. पेनेदेसमधल्या काही चांगल्या उत्पादकांनी २०१९ मध्ये कावा हे नाव सोडून हा वेगळा गट धरला. तिथे किमान १८ महिन्यांचा नियम आहे. आपल्या कामासाठी ती चालेल, उत्तम चालेल.

किमतीचं काय सांगू? कर धरून शॅम्पेनचा आकडा ऐकला की घसा आधीच कोरडा पडतो. आमच्या बहुतेक बाटल्या परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून आल्या. माणशी दोन लिटरपर्यंत कर लागत नाही, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात. दुकानातून घेत असाल तर ट्यूबलाइटखाली मिरवायला ठेवलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. एकदा मी पारदर्शक काचेची, शोकेसमधली बाटली घेतली. उघडल्यावर उकडलेल्या कोबीचा वास. उजेडाने बिघडते ती अशी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड असंच असतं." मी वाद घातला नाही, दुकान बदललं.

थंड किती करायची? आठ ते दहा अंश. फ्रीजमध्ये चार तास ठेवा आणि ओतायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एकाच वेळी. एक दारात आणि एक मागे ठेवलीत तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि जी जास्त गार ती जास्त "कडक" लागते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, वर मूठभर मीठ, कुल्फीच्या मडक्यासारखं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणारी माणसं आमच्या घरात दोन आहेत, म्हणून त्याबद्दल बोलतच नाही.

ग्लासांवर मात्र मी बोलणार, कारण पहिल्या रविवारची दुसरी चूक तिथे होती. मी ग्लास भांड्यांच्या साबणाने लख्ख घासले आणि घाईत नीट विसळले नाहीत. तीन ग्लासांत बुडबुडे उठेचनात. जावेने जाहीर केलं की गनिमीला दम नाही. योगायोगाने त्या तीनपैकी दोन ग्लास कावाचे होते, बस. साबणाचा पातळ थर राहिला की बुडबुडे मरतात. बुडबुडा उठतो तो काचेला चिकटलेल्या एखाद्या सूक्ष्म तंतूतून किंवा ओरखड्यातून. म्हणून ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुवायचे आणि सुती फडक्याने पुसायचे. आमच्याकडे आबांच्या जुन्या धोतराचं फडकं त्या कामाला आहे, आणि त्या फडक्याने पुसलेल्या ग्लासात बुडबुड्यांच्या अशा सरी लागतात की बघत राहावं. तेव्हा कुणी म्हणालं की बारीक बुडबुडे म्हणजे भारी वाइन, तर हसून सोडून द्या. निम्मं श्रेय धोतराचं असतं.

ग्लास उंच, अरुंद नळीसारखा नको. त्यात नाक जात नाही. पसरट बशीसारखाही नको. साधा पांढऱ्या वाइनचा, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता ग्लास घ्या, सगळे एकसारखे.

आता लपवायचं. ज्याला चाखायचं नाही अशा एकाला, आमच्याकडे भाच्याच्या बायकोला, स्वयंपाकघरात बाटल्या उघडायला लावा. मानेवरचा चकचकीत कागद पूर्ण काढायचा, कारण त्याच्या रंगावरून लोक ओळखतात. बाटल्यांवर जुने मोजे चढवायचे. बुचं तिने खिशात ठेवायची. शॅम्पेनच्या बुचावर "शॅम्पेन" छापलेलं असतं आणि कावाच्या बुचाच्या बुडाला चार टोकांची चांदणी असते. शेवटी उलगडा त्या बुचांनी करायचा, मजा येते.

उघडताना: कारच्या टायरमध्ये आपण पंपावर ३२-३३ हवा भरतो. त्याच मापात या बाटलीत ७५ ते ९० असते. तारेची जाळी सहा अर्धे फेरे फिरवली की सुटते. ती सुटल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून आणि देवघरापासून लांब. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. आवाज फटाक्याचा नको, म्हातारं माणूस खुर्चीत बसताना सोडतं तेवढा सुस्कारा पुरे. लग्नात फवारे उडवणाऱ्यांना मी तळघरात एक दिवस झाडू मारायला लावीन.

ओतायचं ६० मिलिलिटर, ग्लास तिरका धरून, भिंतीवरून सोडत. उभ्या ग्लासात सरळ ओतलं तर बराच वायू फेसातच जातो.

आणि आता माझी प्रयोगशाळेतली युक्ती. रसायनशास्त्राच्या पदवीचा घरात झालेला एवढाच उपयोग. प्रत्येकाला दोन नाही, तीन ग्लास द्या. दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. प्रश्न एकच: वेगळा कोणता? "कोणती आवडली" नंतर. नुसत्या नशिबाने तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून प्रत्येकाने ग्लासांची जागा बदलून दोनदा तरी करावं. ज्याला वेगळा ग्लास ओळखताच येत नाही, त्याच्या आवडीनिवडीच्या व्याख्यानाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या सहांत पहिल्या वेळी तिघांनाच दोन्हीदा जमलं. मी त्यात होते, पण दुसऱ्या वेळी फार विचार करावा लागला हे कबूल करते.

बोलायच्या आधी लिहायचं, ही सक्ती. आमच्या ताई, म्हणजे माझ्या नणंद, "सफरचंद" म्हणाल्या की पुढच्या दहा सेकंदांत सगळ्यांना सफरचंद लागतं.

काय शोधायचं? रंगात फार वेळ घालवू नका. वासापासून सुरुवात करा, ग्लास न हलवता. पाव, खारी, नानकटाई, तूप कढवताना बेरी तांबूस होते तेव्हाचा दरवळ, हे सगळं मुरण्याचे वास आहेत. लोक इथेच फसतात. "बेकरीचा वास आला, म्हणजे शॅम्पेन." नाही. तीस महिने मुरलेल्या कावालाही तो येतो. म्हणून तर आपण मुरणं सारखं केलं. त्या वासावर टिक करा आणि पुढे जा, त्याच्या मागे काय आहे ते बघा.

शॅम्पेनमध्ये मागे बहुधा लिंबाची साल, हिरवं सफरचंद, आणि काळ्या द्राक्षांचा भाग मोठा असेल तर लाल फळांची एक चाहूल. काळी द्राक्षं म्हणजे पिनो न्वार आणि म्यूनिए. साल काळी, रस पांढरा, हलक्या दाबाने पिळतात म्हणून वाइन पांढरी राहते. तिसरं द्राक्ष शार्दोने, ते पांढरं. लेबलवर "ब्लां द ब्लां" असेल तर बहुतेक सगळं शार्दोनेच.

कावाची तीन मुख्य द्राक्षं पूर्ण वेगळी: माकाबेओ, पारेलादा आणि चारेल्लो. माकाबेओ फळांचा वास देतं, पारेलादा फुलांचा आणि नाजूकपणा, पण अंगात बळ आहे ते चारेल्लोच्या. त्याचा वास मला बडीशेप आणि पहिल्या पावसानंतरची माती यांच्या मधे कुठेतरी लागतो. जोडीला पिकलेलं पिवळं सफरचंद, मोसंबीची साल, कोवळा बदाम. एकदा बडीशेप सापडली की पुढच्या वेळी ती तुम्हाला दारातूनच हाक मारेल.

आता घोट. वास फसवतो, आंबटपणा फसवत नाही. तोंडात पाच-सहा सेकंद धरा आणि आंबटपणा कुठून कुठे जातो ते बघा. शॅम्पेनचा आंबटपणा सुईच्या दोऱ्यासारखा सरळ जातो, जिभेच्या दोन्ही कडांना लागतो, आणि गिळल्यावरही चालूच राहतो. लाळ सुटते. कावाचा आंबटपणा सुरुवातीलाच पसरतो, गोल होतो, आणि शेवटाला किंचित कडू होतो, मोसंबीची पांढरी साल चुकून चावली गेल्यासारखा. मला तो कडवटपणा आवडतो. जावेला नाही.

असं का, ते मला दोन्ही गावं पाहिल्यावर कळलं. एपर्नेच्या दक्षिणेला क्रामाँ नावाच्या गावात द्राक्षवेलींमध्ये उभी होते, सप्टेंबरचा महिना आणि अंगात स्वेटर. पायाखाली पांढऱ्या खडूची ढेकळं. ती जागा ४९ अक्षांशावर आहे, द्राक्षं जेमतेम पिकतात, थंडीमुळे आंबटपणा तसाच राहतो. तो इतका असतो की बरेच वाइनमेकर हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल मुद्दाम जिवाणूंकडून लॅक्टिकमध्ये बदलून घेतात, म्हणजे दातांना करकर लावणारा आंबटपणा ताकाच्या आंबटपणाकडे येतो. तरीसुद्धा तो दोरा सरळच राहतो. लोक "खडूची चव" म्हणतात. खडू वाइनमध्ये विरघळून येत नाही, पण लहानपणी पाटीवरची पेन्सिल चघळली असेल तर तो कोरडा, पांढरा भास तुम्हाला समजेल.

बार्सिलोनाहून आर-चार लोकल पकडून कावाच्या गावाला, सांत सादुर्नी द'आनोइयाला उतरलात तर दुसरंच जग. एका बाजूला मोंत्सेर्रातचे दातेरी डोंगर, दुसऱ्या बाजूला डोंगररांगेपलीकडे भूमध्य समुद्र. मी गेले तेव्हा ऑगस्ट संपत होता, ऊन आपल्या मार्चसारखं, आणि तोडणी चालू. तिथे द्राक्षं न पिकण्याची चिंता नाही, फार पिकण्याची आहे. आंबटपणा उतरायच्या आत तोडायची धावपळ. म्हणून वाइन गोल, म्हणून पसरट. हा हवामानाचा स्वभाव आहे, कुणाच्या कारागिरीतली उणीव नाही.

आबांनी हे सगळं ऐकून एका वाक्यात निकाल दिला होता. ते निफाडकडचे, आयुष्यभर थॉमसन ही खायची द्राक्षं लावली, एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची गोडीबाराची छाटणी यांवर त्यांचं कॅलेंडर चालतं. मी वाइनरीत असताना जानेवारीत स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठी, तोडलेला शेनँ ब्लांचा घड त्यांना चाखायला आणला होता. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, १८. साखर त्यांच्या मालाएवढीच, पण आंबट. मणी तोंडात टाकून म्हणाले, "व्यापारी बांधावर येणार नाही असला माल आहे हा." आणि मग, दोन मिनिटांनी, "पण तोंड धुतल्यासारखं वाटतं." स्पार्कलिंग वाइनचं याहून नेमकं वर्णन मला अजून मिळालेलं नाही.

खाणं दोघींबरोबर एकच ठेवा आणि आधी चार-पाच घोट कोरडेच घ्या. मग साबुदाणा वडा किंवा कोथिंबीर वडी, गरम. तळलेल्या तुपकटपणावर दोन्ही छान चालतात, पण इथे अनेकदा बाजी उलटते: कोरडी पिताना शॅम्पेनला हात वर करणारे वड्याबरोबर कावाकडे वळतात, कारण तिचा कडवटपणा तेल कापतो आणि तिचा गोलपणा हिरव्या मिरचीशी भांडत नाही. मिसळ आणू नका. तिखट आणि बुडबुडे एकत्र म्हणजे जिभेवर फुलबाजी. श्रीखंडही नको, त्याच्यापुढे दोन्ही वाइन व्हिनेगर होतात. खारे शेंगदाणे नेहमी चालतात.

थुंकायला स्टीलचे पेले ठेवले तर आपल्याकडे लोकांना कसंसंच होतं, पण ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासमोर एक ठेवाच.

निकाल बुचांनी लावल्यानंतर भांडायला मोकळे. माझं मत विचाराल तर: शांत बसून, दुसरं काही न करता प्यायची असेल तर चांगली शॅम्पेन, कारण तिचा शेवट लांबतो आणि त्या शेवटासाठी वेळ द्यावा लागतो. माणसं जमली आहेत, ताटं फिरताहेत, तर ग्रान रेसेर्वा. आणि सगळ्यात स्वस्त शॅम्पेन आणि ग्रान रेसेर्वा यांत निवडायचं असेल तर मी डोळे मिटून दुसरी उचलते. नावाला पैसे मोजायचे की महिन्यांना, एवढाच तो हिशेब.

पुढच्या खेपेला तिसऱ्या मोज्यात नाशिकची बाटली घाला. दिंडोरीकडे आणि आसपास याच पद्धतीने, बाटलीतच दुसरी आंबवण करून स्पार्कलिंग होते. बहुतेकीत शेनँ ब्लां असतं. तिला पहिल्याच वेळी घेऊ नका, तीन वेगळ्या वाइन म्हणजे तीन ग्लासांच्या चाचणीची गणितं वाढतात. आधी दोघींची ओळख पक्की होऊ द्या.

शेवटचं काम दुसऱ्या दिवशीचं. दोन्ही बाटल्यांत दोन-दोन घोट राखून ठेवा. मानेत उलटा चमचा ठेवायची युक्ती निरुपयोगी आहे. आज तर आपल्याला बुडबुडे गेलेलेच हवे आहेत, बाटल्या उघड्याच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ग्लासात ओतून थोड्या हलवा आणि बुडबुड्यांशिवाय चाखा. तळघरात मूळ वाइन कशी होती ते जवळपास असंच असतं. शॅम्पेन आता लिंबाच्या फोडीसारखी लागते, एकटी पिववत नाही. कावा मात्र साधी, चांगली पांढरी वाइन होऊन बसलेली असते. गेल्या खेपेला मी दोन्ही ग्लास आबांपुढे ठेवले, न सांगता. त्यांनी दोन्हींचा वास घेतला, एक बाजूला सरकवला आणि दुसरा भाकरीच्या ताटाजवळ ओढला. "ही गनिमी," म्हणाले, "राहू दे इथे."